जपानी पद्धतीच्या नव्या आइस्क्रीमच्या दुकानातील पहिली भेट आणि कडक निघालेल्या गोळ्या

काचेचा चमचा

जपानी पद्धतीची आइस्क्रीम आणि थंड गोड पदार्थ देणारे एक दुकान नुकतेच उघडले असून गेल्या रविवारी मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघी तेथे जाऊन आलो. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि नव्याने सुरू झालेल्या दुकानाला एका भेटीवरून नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण येथे ते शीतच नीट शिजले होते की नाही हे मला समजलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

दर्शनी काचेमागे पदार्थांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत आणि त्या इतक्या हुबेहूब आहेत की किसलेल्या बर्फावरून ओघळणारा हिरवा पाक अर्ध्या वाटेत थबकला आहे असेच वाटते. दारावर पांढऱ्या कापडाचे छोटे निशाण असून त्यावर खाली निळ्या लाटा आणि मधोमध एक मोठे लाल अक्षर आहे. आत बसायला जागा थोडीच आहे. बसल्याबरोबर हात पुसायला ऊन, ओला, घट्ट गुंडाळलेला रुमाल मिळाला, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशीची पहिली समाधानाची गोष्ट तीच होती.

आम्ही दोघींत चार पदार्थ मागवले, हा आमचा हावरटपणा. पहिल्यांदा मोची आइस्क्रीम, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाच्या आवरणात गुंडाळलेले आइस्क्रीम, आले. (मोची म्हटल्यावर बहिणीला चपला शिवणारेच आठवले आणि तिने ते मोठ्याने बोलूनही दाखवले.) लिंबाएवढे तीन गोळे होते आणि त्यांच्यावर पिठाचा बारीक पांढरा थर होता. मी पहिला गोळा लगेच तोंडात धरला, तर दात जेमतेम रुतला. बाकीचे पदार्थ पाहण्यात पाच-सहा मिनिटे गेली आणि नंतर तिसरा गोळा उचलला, तर तो इतका मऊ झाला होता की बोटांचे ठसे त्यावर उमटले आणि चावताना बाहेरचे आवरण लांबत गेले. एकाच ताटलीतील दोन गोळ्यांत एवढा फरक का पडावा?

त्यानंतर उजी किन्तोकी नावाचा बर्फाचा डोंगर आला. त्याच्यावर माच्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, गर्द हिरवा पाक होता आणि पोटात शिजवून गोड केलेले (आझुकी नावाच्या कडधान्याचे) लाल दाणे होते. बर्फ म्हटल्यावर कचाकचा चावावा लागेल अशी माझी समजूत होती, परंतु तो जिभेला टेकण्यापूर्वीच नाहीसा होत होता. हा पदार्थ आम्ही अक्षरशः चाटूनपुसून संपवला.

निराशा केली ती आन्मित्सुने. वाडग्यात काचेसारखे पारदर्शक चौकोनी तुकडे, फळांच्या फोडी, लाल दाण्यांच्या लगद्याचा गोळा, व्हॅनिला आइस्क्रीम आणि सुपारीएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या, आणि शेजारी काळ्या पाकाची चिमुकली सुरई होती. या पांढऱ्या गोळ्यांना शिरातामा म्हणतात असे यादीत लिहिले होते. त्या कडक आणि पिठूळ होत्या, चावल्यावर खडूसारख्या तुटत होत्या, आणि मोचीप्रमाणे थोड्या वेळाने मऊ होतील म्हणून वाट पाहिली तरी त्यांत काडीचाही फरक पडला नाही. चौथा पदार्थ म्हणजे माच्चाचे सॉफ्ट आइस्क्रीम, जे बहिणीला कडू लागले आणि मला आवडले.

या गोळ्या अशाच असतात, की आम्हाला शिळ्या मिळाल्या? जाणकारांनी कृपया सांगावे.

रसायनी

आपण दोन्ही ठिकाणी 'कडक' हा एकच शब्द वापरला आहे, परंतु हे दोन अगदी निराळे कडकपणे आहेत आणि ते वेगळे काढले की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

मोची आइस्क्रीमचा कडकपणा थंडीचा होता. आतले आइस्क्रीम शीतकपाटातील उणे तापमानातून सरळ ताटलीत आले होते, त्यामुळे ते घट्ट होते आणि आवरणही गारठलेले होते. खोलीच्या हवेत काही मिनिटे गेली की आइस्क्रीमच्या कडा सैल होतात आणि आवरणाला त्याचा मूळचा ताण परत येतो. तिसरा गोळा चांगला लागला याचे श्रेय केवळ आपल्या उशिराला आहे.

शिरातामाचा कडकपणा मात्र स्टार्चचा होता. या गोळ्या चिकट तांदळाच्या पिठाच्या असतात. नेहमीच्या तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात, तर चिकट तांदळात जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच असते आणि म्हणूनच तो शिजल्यावर चिवट आणि लवचीक होतो. पाण्यात उकळल्यावर स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची घडी विस्कटते. पुढे गोळी गार होऊन पडून राहिली की हे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घडी घालू लागतात आणि त्यांच्यामधले पाणी हुसकले जाते. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती शून्य ते चार-पाच अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नेमकी फ्रिजच्या साध्या कप्प्यात. सकाळी उकळलेल्या शिरातामा कोणी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी वाढल्या, तर त्या आपण वर्णन केल्याप्रमाणे खडूसारख्या होणारच. तो कडकपणा वाट पाहून जात नाही, तो उष्णतेनेच जातो. उकळत्या पाण्यात त्या मिनिटभर परत सोडल्या असत्या, तर पुन्हा मऊ झाल्या असत्या.

मग मोची आइस्क्रीमचे आवरणही चिकट तांदळाचेच असताना ते तसे का होत नाही? कारण त्यात साखर भरपूर असते. या साखर घातलेल्या मऊ प्रकाराला ग्युही म्हणतात आणि आइस्क्रीमभोवती असते ते बहुधा हेच. साखर पाण्याला धरून ठेवते, स्टार्चच्या रेणूंना घडी घालू देत नाही आणि आवरणातले पाणी गोठण्याचा बिंदूही खाली नेते. शिरातामामध्ये साखर सहसा नसते, कारण गोडवा बाहेरच्या पाकातून येणार असतो. त्यामुळे ती गोळी ताजीच खावी लागते. तेव्हा आपल्याला शिळ्या मिळाल्या असे म्हणण्यापेक्षा चुकीच्या जागी ठेवलेल्या मिळाल्या असे मी म्हणेन.

दुपारची झोप

माहितीपूर्ण प्रतिसाद आहे, परंतु माझी शंका आणखी मागची आहे. आइस्क्रीम हा मुळात जपानचा पदार्थ नव्हे. मग ऊन रुमाल, निशाण आणि अनोळखी नावे यांचा थाट मांडून नेहमीचेच आइस्क्रीम आपल्या गळ्यात मारले जात आहे, असे तर नाही? नव्याचे नऊ दिवस सरले की ही दुकाने ओस पडतात, असे मी या आधीही पाहिले आहे.

पाऊलवाट

मी काही वर्षे क्योतोमध्ये राहत होतो, त्यामुळे या शंकेला थोडे सविस्तर उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

दुधाचे आइस्क्रीम जपानमध्ये बाहेरून आले हे बरोबर आहे, पण ते येऊनही दीड शतक उलटून गेले आहे. योकोहामा बंदरातील बाशामिची या रस्त्यावर माचिदा फुसाझो यांनी 1869 मध्ये 'आइसुकुरिन' या नावाने ते विकायला सुरुवात केली. त्या काळी ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. किसलेला बर्फ मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. साधारण इसवी सन 1000 च्या सुमारास राजदरबारात असलेल्या सेई शोनागोन या लेखिकेने आपल्या टिपणांत अभिजात वाटणाऱ्या गोष्टींची जी यादी दिली आहे, तिच्यात नव्या धातूच्या वाटीत घातलेला, वेलीच्या रसाचा गोड पाक सोडलेला किसलेला बर्फ आहे. हिवाळ्यात साठवलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत जपणे हे तेव्हा दरबारालाच परवडणारे होते. पुढे मेइजी काळाच्या प्रारंभी, म्हणजे 1868 नंतरच्या वर्षांत, उत्तरेकडच्या हाकोदाते येथील गोर्योकाकु किल्ल्याच्या खंदकात गोठलेला बर्फ जहाजाने योकोहामा-तोक्योकडे येऊ लागला आणि हा पदार्थ रस्त्यावर उतरला. धागाकर्तीने पाहिलेले निशाण हे त्याच विक्रेत्यांचे चिन्ह आहे. ते लाल अक्षर म्हणजे 'कोरी', अर्थात बर्फ. उन्हाळ्यात जपानमध्ये कोठेही हे निशाण फडकताना दिसले, की तेथे काकिगोरी, म्हणजे किसलेला बर्फ मिळतो असे समजावे.

तो बर्फ कचकचत का नाही, यातही कसब आहे. घरच्या फ्रिजमध्ये बर्फ चटकन गोठतो आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकून तो पांढुरका, ठिसूळ होतो. काकिगोरीसाठी लागणाऱ्या लादीचे पाणी मोठ्या साच्यात, ढवळत ठेवून, दोन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ सावकाश गोठवतात. मग ती लादी शीतकपाटातून काढल्याबरोबर किसत नाहीत, कारण अतिथंड बर्फाचा भुगा होतो. पृष्ठभागावरचे धुके जाऊन लादी काचेसारखी चमकू लागेपर्यंत, म्हणजे तापमान वाढत वाढत शून्याच्या जवळ, त्याहून किंचितच कमी, होईपर्यंत, थांबतात. तेव्हा पाते लावले की भुग्याऐवजी पारदर्शक पापुद्रे निघतात आणि ते एकमेकांवर घड्या घालत पडतात. आपल्या दुकानातील माणसाला एवढे जमत असेल, तर शिरातामाची चूक मी घाईची समजेन, अज्ञानाची नव्हे. जाता जाता, किन्तोकी हे नाव लालबुंद अंगाच्या एका लोककथेतील बालवीरावरून लाल दाण्यांना मिळाले आहे आणि उजी हे क्योतोजवळचे चहाचे गाव.

मोची आइस्क्रीमची गोष्ट तर फारच अलीकडची आहे. लोत्ते या कंपनीने 1980 मध्ये आइस्क्रीमला मार्शमॅलोचे आवरण देऊन पाहिले आणि 1981 मध्ये त्याऐवजी तांदळाचे आवरण घालून 'युकिमी दायफुकु' बाजारात आणले. युकिमी म्हणजे बर्फवृष्टी पाहण्याचा सोहळा. नाव मुद्दाम हिवाळ्याचे आहे, कारण थंडीच्या दिवसांतही लोकांनी आइस्क्रीम खावे असा तो डाव होता. पॅसिफिक महासागरापलीकडे लॉस एंजेलिसच्या लिट्ल तोक्यो भागात 1910 पासून चालत आलेल्या मिकावाया या मिठाईच्या दुकानाने फ्रान्सिस हाशिमोतो यांच्या कारकिर्दीत, 1990 च्या दशकात, वेगवेगळ्या स्वादांचे मोची आइस्क्रीम अमेरिकेत रुजवले. जगभरच्या दुकानांत आज जे रंगीबेरंगी गोळे दिसतात, त्यांच्यामागे जपानइतकेच अमेरिकेतील या जपानी वस्तीचेही श्रेय आहे. तेव्हा 'अस्सल जपानी' कशाला म्हणायचे हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. गोळी मऊ होती का, एवढे विचारावे.

मिताक्षरी

मी मांसाहार आणि अंडी दोन्ही घेत नसल्याने अशा दुकानात जाताना माझे पहिले काम चौकशीचे असते. त्या अनुभवावरून थोडे लिहिते.

आन्मित्सुमधील पारदर्शक चौकोनी तुकडे कान्तेनचे असतात, म्हणजे समुद्रशैवालापासून काढलेले, आपण ज्याला अगर-अगर किंवा चायना ग्रास म्हणतो तेच. त्यामुळे ते निःशंक खाता येतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यातून काढतात आणि ते पुष्कळ वेळा मूस, मार्शमॅलो आणि थरांच्या केकमध्ये असते. दोन्ही ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जिलेटिन शरीराच्या उबेनेच वितळते, म्हणून ते जिभेवर विरघळत जाते, तर कान्तेन वितळायला साधारण 85 अंश लागतात, म्हणून त्याचा तुकडा तोंडात वितळत नाही, तो स्वच्छ कडेने मोडतो. अर्थात ही परीक्षा पदार्थ तोंडात गेल्यावरची आहे, तेव्हा आधी विचारलेले बरे.

पुरिन म्हणजे कॅरॅमलचे कस्टर्ड, आणि त्यात अंडे असतेच. दोरायाकी आणि कास्तेला या केकसारख्या पदार्थांतही असते. आइस्क्रीमच्या मिश्रणात असेलही आणि नसेलही. लाल दाण्यांचा आन्को, भाजलेल्या सोयाबीनचे पीठ म्हणजे किनाको, आणि काळ्या साखरेचा पाक म्हणजे कुरोमित्सु, हे तिन्ही वनस्पतिजन्य आहेत. दोरायाकीच्या काही कृतींत मिरिन हे तांदळाचे गोड मद्य घालतात, हे ज्यांना मद्य चालत नाही त्यांनी ध्यानात ठेवावे. सोया, तीळ, दूध आणि अंडे यांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर ही यादी जपून वाचण्यासारखी आहे, कारण काळे तीळ आणि किनाको सजावटीच्या नावाखाली कोठेही भुरभुरलेले असतात.

काचेचा चमचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रसायनी, तुमच्या प्रतिसादानंतर ते खडूचे कोडे सुटले. आता बहिणीच्या वतीने विचारते की माच्चा मुळातच इतका कडू असतो का? तिला अन्य एका ठिकाणी मिळालेले माच्चा आइस्क्रीम पोपटी रंगाचे आणि चांगले गोड होते, आणि येथले गडद आणि कडवट होते, म्हणून तिच्या मते येथलेच बिघडलेले आहे.

पाऊलवाट

बहिणीचा रंगावरचा भर रास्त आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघण्याची शक्यता आहे.

माच्चासाठीची चहाची झुडपे खुडणीपूर्वी साधारण वीस दिवस किंवा त्याहून अधिक काळ सावलीत झाकून ठेवतात. ऊन कमी मिळाल्याने पानात हरितद्रव्य वाढते, थिआनिन नावाचे द्रव्य टिकून राहते आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिन द्रव्ये कमी बनतात. मग पाने वाफवून, सुकवून, देठ आणि शिरा काढून उरलेला भाग दगडी जात्यात दळतात. असे एक जाते तासाला जेमतेम 40 ग्रॅम पूड देते, कारण जास्त वेगाने फिरवले तर दगड तापतो आणि सुगंध जातो. चांगल्या माच्चाचा रंग टवटवीत हिरवा असतो, आणि हवा व उजेड लागून जुना झाला की तो पिवळसर, मग तपकिरी छटेकडे झुकतो. आपल्या आइस्क्रीमचा रंग गडद पण जिवंत हिरवा होता, की शेवाळी? पहिले असेल तर त्यात पूड सढळ हाताने घातलेली आहे. दुसरे असेल तर बहिणीचे म्हणणे मान्य.

थंडीने जिभेची गोडी जाणवण्याची क्षमता मंदावते, म्हणून आइस्क्रीम वितळल्यावर जास्त गोड लागते. माच्चाच्या आइस्क्रीममध्ये कडवटपणा लपवायचा तर साखर आणखी वाढवावी लागते आणि मग चहा हरवतो. दुकानदाराने चहाच्या बाजूने कौल दिलेला दिसतो. ज्यांना कडवटपणा नको आहे त्यांनी होजिचा मागवावा. तो भाजलेल्या पानांचा चहा असून त्याची चव खमंग असते. आणि यादीत 'सेरेमोनियल ग्रेड', म्हणजे समारंभाच्या प्रतीचा, असे लिहिले असेल तर त्याला भुलू नये, कारण जपानमध्ये अशी कोणतीही अधिकृत प्रतवारी नाही.

अंगणातली चिमणी

आमच्या घरी चार वर्षांचा मुलगा आणि ऐंशी वर्षांचे सासरे आहेत आणि दोघांनाही आइस्क्रीम म्हटले की धीर धरवत नाही. त्यांना तेथे नेण्यापूर्वी काही काळजी घ्यावी काय? माच्चाने मुलाची झोप उडेल का?

रसायनी

हा प्रश्न आपण विचारलात हे फार बरे झाले.

मोचीचा गोळा, ग्युहीचे आवरण आणि शिरातामा हे तिन्ही चिवट पदार्थ लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या घशात अडकू शकतात. जपानमध्ये नववर्षाच्या सुमारास मोची घशात अडकून वृद्धांचे मृत्यू होतात आणि तोक्योचे अग्निशमन दल दरवर्षी त्याबाबत लोकांना सावध करते. तेथे सांगतात ते असे की तुकडे लहान करावेत, आधी घोटभर काहीतरी प्यावे, सावकाश चावावे, आणि कोणी खात असताना त्याला एकटे सोडू नये. आपल्या मुलाला मी तूर्त गोळ्या देणारच नाही, आणि सासऱ्यांना द्यायच्या झाल्या तर सुरीने चतकोर करून. शिरातामा वाटोळी आणि निसरडी असते, त्यामुळे ती मोचीपेक्षाही जास्त जपून द्यावी. दोघांसाठी काकिगोरी किंवा साधे सॉफ्ट आइस्क्रीम सर्वांत निर्धोक.

माच्चाच्या शंभर ग्रॅम पुडीत सुमारे 3.2 ग्रॅम कॅफिन असते, म्हणजे वाटीभर चहासाठी लागणाऱ्या दोन ग्रॅममध्ये साधारण 64 मिलिग्रॅम. आइस्क्रीममध्ये पूड किती घातली आहे त्यावर ते अवलंबून राहील, पण चार वर्षांच्या मुलाला संध्याकाळनंतर माच्चा देऊ नये, असे माझे मत आहे.

दुपारची झोप

वरचे सर्व वाचून अखेर मीही काल जाऊन आलो. बर्फाबद्दल धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. परंतु मी वाराबिमोची नावाचा पदार्थ मागवला, तो मात्र लिबलिबीत निघाला. चमच्यावर ठेवला तर थरथरतो, तोंडात घातला तर धड चावताही येत नाही आणि गिळताही येत नाही, आणि गोडी म्हणाल तर नावाला. पैसे देऊन लिबलिबीत खाण्यात काय हशील?

पाऊलवाट

आपल्या प्रतिसादातील 'लिबलिबीत' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण खरी अडचण तेथेच आहे. मराठीत पोताचे शब्द काही कमी नाहीत. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, रवाळ, चिवट, गिळगिळीत, बुळबुळीत असे कितीतरी आहेत. पण नीट पाहिले तर कोरड्या आणि खुटखुटीत गोष्टींना आपण कौतुकाचे शब्द दिले आहेत आणि ओल्या, हलत्या, निसटत्या गोष्टींना बहुतेक नापसंतीचे. लुसलुशीत हा एक अपवाद आठवतो. जपानीत थरथरणाऱ्या मऊपणाला 'पुरुपुरु' म्हणतात, ताणल्या जाणाऱ्या मऊपणाला 'मोचिमोची' म्हणतात, घशाखाली सर्रकन उतरणाऱ्याला 'त्सुरुत्सुरु' म्हणतात, आणि हे तिन्ही शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापले जातात. आपण ज्याला दोष म्हणालात, तो त्या पदार्थाने मुद्दाम कमावलेला गुण आहे. चांगला वाराबिमोची नेच्याच्या मुळातून काढलेल्या स्टार्चचा असतो आणि तो थरथरला नाही तर तक्रार करावी.

यात आपल्याला तो आवडलाच पाहिजे असा माझा मुळीच आग्रह नाही. मलाही पहिली दोन वर्षे नावडत होता. किनाकोची पूड आणि कुरोमित्सु यांच्याशिवाय तो जवळजवळ बेचव असतो आणि मौज आहे ती त्या खमंग कोरड्या पुडीखाली लपलेल्या ओल्या थरथरीची.

दुपारची झोप

पुरुपुरु आणि लिबलिबीत यांतला फरक माझ्या वयाला पेलवणारा नाही, तरी युक्तिवाद आवडला.

काचेचा चमचा

काल मी दुसऱ्यांदा जाऊन आले, या वेळी एकटीच, दुपारी गर्दी नसताना, आणि एकच पदार्थ मागवायचा असा निश्चय करून.

आन्मित्सु मागवताना मी गल्ल्यावरच्या मुलीला धीर करून विचारले की शिरातामा कधी उकळल्या आहेत. तिने आधी 'आजच्याच आहेत' असे उत्तर दिले आणि ते खोटे नव्हते, कारण त्या सकाळी केलेल्या होत्या. मी रविवारचा अनुभव सांगितल्यावर तिने आत जाऊन स्वयंपाकघरातील माणसाला बोलावले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला पीठ होते. त्याने माझे सर्व बोलणे ऐकून घेतले, जराही न रागावता. रविवारी सकाळी गर्दीच्या भीतीने सगळ्या गोळ्या एकदम करून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, असे तो म्हणाला. तसे करायचे नसते हे त्याला ठाऊक होते, पण रविवारी चुलीपाशी उभा राहायला दुसरा माणूस नव्हता. मला पाऊलवाट यांच्या 'घाईची चूक' या शब्दांची आठवण झाली.

मग त्याने मला जे पाहू दिले त्यासाठी मी हा एवढा मोठा प्रतिसाद लिहीत आहे. शिरातामाचे पीठ बारीक भुकटी नसते, त्याचे ओबडधोबड खडे असतात. त्याने त्यावर थोडे थोडे पाणी घालून ते बोटांनी चुरले आणि कानाच्या पाळीइतके मऊ झाले की थांबायचे असे सांगून स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. गोळ्या वळून प्रत्येकीच्या मध्यावर अंगठ्याने खळगा केला, कारण मधला भाग जाड राहिला तर तो कच्चा राहतो. उकळत्या पाण्यात टाकलेल्या गोळ्या आधी तळाशी बसल्या, मग एकेक करून वर आल्या, आणि वर आल्यावरही त्याने आणखी मिनिटभर थांबून त्या बर्फाच्या पाण्यात काढल्या. तेथे त्या जेमतेम गार होईपर्यंत राहिल्या आणि थेट माझ्या वाडग्यात आल्या.

ती गोळी दाताखाली दबली, किंचित परत उसळली आणि मग तुटली. गोडी तिच्यात अजिबात नव्हती. काळा पाक मात्र गोड आणि थोडा धुरकट होता, कान्तेनच्या तुकड्याला स्वतःची चवच नव्हती, आन्को मऊ आणि दाणेदार होता, आणि आइस्क्रीम वितळून या सर्वांच्या मधून वाट काढत होते. रविवारी मी प्रत्येक गोष्ट वेगवेगळी चाखून प्रत्येकीला गुण देत बसले होते आणि म्हणून मला ते सगळे अर्धवट वाटले होते. काल चमच्यात तीन-चार गोष्टी एकदम घेतल्या. दुपारची झोप यांचा गोडीबद्दलचा आक्षेप मला पटतो, पण या वाडग्यात गोडी एकट्या पाकाकडे आहे आणि बाकीच्यांकडे फक्त पोत आहे, हे मला कालच उमगले.

माच्चाचा रंगही पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे पाहून घेतला. तो जिवंत हिरवा आहे, शेवाळी नाही. बहिणीला अद्याप कळवलेले नाही.

मिताक्षरी

फार छान वर्णन. एक विचारायचे राहिले. त्या सुरईतला सगळा पाक तुम्ही एकदम ओतलात, की थोडा थोडा? मी पहिल्या वेळी सगळा एकदम ओतला आणि तो तळाशी जाऊन बसला, शेवटी नुसता पाक प्यावा लागला.

काचेचा चमचा

रविवारी एकदम ओतला होता. काल त्या मुलीनेच सांगितले की आधी अर्धा ओतावा, आणि उरलेला आइस्क्रीम अर्धे संपल्यावर. आणि हो, गर्दीच्या वेळीही शिरातामा मागवल्यावर उकळून हव्या असतील तर तसे सांगावे, दहा मिनिटे थांबावे लागेल, अशी चिठ्ठी त्यांनी आता गल्ल्यापाशी लावली आहे.

दुपारची झोप

दहा मिनिटे म्हणजे मोची आइस्क्रीम मऊ होऊन पाघळायला लागेल इतका वेळ झाला. ते सहाव्या मिनिटाला खाऊन घ्यावे.